डाग जातो आणि चार दिवसांनी परत येतो: जुन्या कॅरेक्टर जगावरच्या तपकिरी जाळ्याचा इलाज

माझ्याकडे 'ओल्ड चार्ली' नावाचा, माणसाच्या चेहऱ्याच्या आकाराचा एक जुना मातीचा जग (कान असलेलं भांडं) आहे. त्याच्या डाव्या गालावर तपकिरी रेघांचं जाळं होतं. ते मी चार वेळा धुऊन काढलं आणि चारही वेळा ते परत आलं. शेवटच्या खेपेला तर आधीपेक्षा गडद होऊन आलं. इथे इंग्लंडमध्ये रविवारच्या कार बूट सेलमध्ये (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकायच्या बाजारात) जुनी भांडी धुंडाळणाऱ्या ओळखीच्या मराठी घरांतूनही हीच तक्रार कानावर येते: "धुतला तेव्हा स्वच्छ झाला होता, मग परत कसा आला?" एका मैत्रिणीने या डागापायी 'सेरी गँप' या बाईच्या चेहऱ्याचा एक सुंदर जग कायमचा खराब करून घेतला. दुसऱ्या कुणावर ती पाळी येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅरेक्टर जग म्हणजे माणसाच्या डोक्या-खांद्यांच्या आकाराचा, हाताने रंगवलेला मातीचा जग. टोबी जग त्याच्याआधीचा. त्यात तीन कोनी टोपी घातलेला माणूस अख्खा बसलेला असतो, आणि इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर भागात तो अठराव्या शतकापासून बनतो आहे. रॉयल डोल्टन या इंग्लिश मातीकाम कंपनीचे कलासंचालक चार्ल्स नोक यांनी ती जुनी परंपरा नव्याने हाती घेतली आणि 1934 मध्ये बर्स्लमच्या नाइल स्ट्रीटवरच्या कारखान्यातून 'जॉन बार्लीकॉर्न' नावाचा कॅरेक्टर जग बाहेर पडला. ओल्ड चार्लीही त्याच वर्षीचा. लंडनमध्ये 1829 साली पोलीस दल उभं राहिलं, त्याआधी रात्री कंदील घेऊन गस्त घालणाऱ्या पहारेकऱ्यांना लोक 'चार्ली' म्हणत. हा जग जवळपास अर्धं शतक बनत राहिला, त्यामुळे तो आजही सहज मिळतो, आणि डागाळलेलाच जास्त मिळतो.

तक्रार जवळजवळ सगळ्यांची सारखीच असते. जग घरी आणला, कोमट पाण्यात साबण घालून धुतला. ओला असताना रेघा फिकट दिसल्या, मन सुखावलं. फडक्याने पुसून शेल्फवर ठेवला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच रेघा पुन्हा उमटल्या, आणि प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंना चहा सांडल्यासारखी पिवळट कडा आली. हनुवटीखाली, जगाच्या काठावर आणि कानाच्या जोडापाशी ती सगळ्यात ठळक. (हँडलला मी कान म्हणते, कपाचा असतो तसा.) पुन्हा धुतलं की पुन्हा तेच. तुमच्या जगाचं असंच होत असेल तर तुमच्या धुण्यात कमी काही नाही. उलट, जितकं जास्त धुवाल तितका डाग वर येईल.

डाग राहतो कुठे

जुन्या घरातल्या कपबश्या आठवा. बशीला आतून केसासारख्या बारीक चिरा असतात, आणि वर्षानुवर्षं चहा पिऊन त्या तपकिरी झालेल्या असतात. कितीही घासली तरी ती बशी पांढरी होत नाही. या जगाचं दुखणं नेमकं तेच आहे.

हे जग पातळ कालवलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओतून बनवतात. पहिल्या भाजणीनंतर जे अंग तयार होतं ते सच्छिद्र असतं, आपल्या माठासारखं, फक्त पांढरं आणि जास्त घट्ट. त्यावर रंगकाम, वर काचेसारखी झिलई, आणि परत भट्टी. थंड होताना झिलई आतल्या अंगापेक्षा कमी आकसते, म्हणून ती थोडी दाबलेल्या अवस्थेत राहते. झिलईला दाब सोसतो, ताण सोसत नाही. सच्छिद्र अंग मात्र हवेतला ओलावा वर्षानुवर्षं शोषत राहतं आणि अगदी किंचित फुगतं. वीस, तीस, पन्नास वर्षांनी ते इतकं फुगतं की झिलईवरचा दाब संपून ताण सुरू होतो आणि ती तडकते. याला इथे क्रेझिंग म्हणतात. कारखान्यातून निर्दोष निघालेला जग कपाटात नुसता बसूनही असा तडकू शकतो.

तडे गेले की दार उघडलं. त्यातून फुलांचं पाणी, ग्रेव्ही, दूध, धूर, धुण्याचं पाणी, सगळं आत जातं आणि झिलईखालच्या अंगात पसरतं. बाहेरून आपल्याला रेघ दिसते, पण खरा साठा रेघेच्या खाली आणि आजूबाजूला असतो.

आता परत येण्याची गोष्ट. आपण जग धुतो तेव्हा पाणी त्याच तड्यांतून आत शिरतं आणि आतला तपकिरी ऐवज विरघळवतं. जग वाळायला लागला की पाण्याला बाहेर पडायला वाट एकच, पुन्हा तेच तडे. झिलई अखंड आहे तिथून वाफ निघू शकत नाही. म्हणून आतलं सगळं पाणी तपकिरी रंग पाठीवर घेऊन तड्यांकडे सरकतं, तिथे पाणी उडून जातं आणि रंग मागे राहतो. माठावर ओलं फडकं गुंडाळलं तर काही दिवसांनी त्यावर खाराचे पांढरे पट्टे दिसतात. तेही असेच होतात: पाणी जिथे उडतं तिथेच ते आपलं ओझं टाकतं. हे एकदा ध्यानात आलं की पुढचा सगळा इलाज आपसूक सुचतो.

आधी तपकिरी कुठलं ते बघा

प्रत्येक तपकिरी डाग क्रेझिंगचा नसतो. चुकीच्या डागावर बरोबर इलाज केला तरी जग हातचा जातो, म्हणून इथे घाई नको. मी दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घेऊन अंधाऱ्या खोलीत बसते आणि एका जगावर अर्धा तास तरी घालवते.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे वरचा थर. इथल्या पबमध्ये असे जग बारच्या वर रांगेने मांडलेले असत, आणि 1 जुलै 2007 ला इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानबंदी आली, तोवर तंबाखूचा धूर त्यांच्यावर बसत राहिला. तो मेणचट पिवळा थर असतो. कापसाच्या काडीवर डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचा थेंब घेऊन एका कोपऱ्यात फिरवा. काडी पिवळी झाली आणि खालचं स्वच्छ दिसलं तर तुमचं काम तिथेच संपलं.

दुसरा प्रकार फसवा असतो: जुनी डागडुजी. टोपीच्या कडेचा टवका किंवा मोडलेला कान कुणीतरी पूर्वी भरून, वरून रंगवून, लॅकर मारलेला असतो. नवं असताना ते काम ओळखू येत नाही, पण काही वर्षांत लॅकर पिवळं पडतं आणि डाग वाटतं. भिंगाखाली तिथे तडे नसतात, ब्रशचे फराटे किंवा धुळीचे कण अडकलेले दिसतात. बोटाला तो भाग बाकीच्या झिलईपेक्षा कमी थंड लागतो. टॉर्चखाली तो शेजारच्या झिलईपेक्षा वेगळा चमकतो. लाखेचा चिकटा असेल तर तो नारिंगी दिसतो. हे सापडलं तर तो भाग ओला करू नका. कोमट पाण्यात हा रंग पापुद्रे धरून निघतो. मी घेतलेल्या 'पार्सन ब्राउन' नावाच्या एका जगाच्या टोपीची कड अशीच बादलीत उतरली. तो विकणाऱ्याने जग 'निर्दोष' म्हणून दिला होता, आणि मी घरी येऊन टॉर्च लावायच्या आधीच तो पाण्यात घातला होता.

तिसरा प्रकार गंजाचा. नारिंगी-तपकिरी, एकाच जागी, बहुतेक वेळा जिथे तारेचं स्टँड किंवा खिळा टेकत होता तिथे. खाली दिलेल्या उपायाने तो जात नाही. गंज काढायच्या बाजारी द्रवांत तीव्र आम्लं असतात, आणि झिलईवर केलेलं रंगकाम ती खाऊन टाकतात. गंज असेल तर तो जाणकाराकडेच न्यावा.

आणि एक खूण तळाशी असते, तिचा मला फार उपयोग झाला. साधारण 1968 ते 1973 या काळात डोल्टनने हे जग सच्छिद्र मातीऐवजी 'इंग्लिश ट्रान्सलुसंट चायना' या घट्ट, पाणी न शोषणाऱ्या अंगात बनवले. हे जग थोडे लहान, जास्त चकचकीत, आणि टिचकी मारली तर खणखणीत वाजणारे. त्यानंतर काम लाँगटनच्या बेसविक कारखान्यात गेलं आणि पुन्हा मातीचं अंग आलं. त्या मधल्या काळातल्या जगावर तपकिरी रेघ दिसली तर क्रेझिंग समजू नका. ती बहुतेक करून आरपार चीर असते किंवा जोड असतो. त्याला भिजवणं म्हणजे जोड सोडवणं.

जुन्या जगाचं वयही तळावरून काढता येतं. सिंह आणि मुकुटाच्या शिक्क्याशेजारी छोटा आकडा असेल तर तो 1927 मध्ये मिळवायचा. 13 असेल तर 1940. सगळ्याच जगांवर हा आकडा नसतो. शिक्क्याजवळ एकटं 'ए' अक्षर दिसलं तर तो जग ढोबळमानाने 1939 ते 1955 च्या दरम्यानचा. माझा अनुभव असा की याच वयाचे जग सगळ्यात जास्त तडकलेले असतात, आणि रंगकामही त्यांचंच सगळ्यात हळुवार असतं. गालावरची लाली ब्रशच्या दोन-तीन हलक्या हातांत चढवलेली असते. म्हणूनच त्यांच्यासाठी जीव तुटतो.

जे अजिबात करू नये

ब्लीच. इथे सगळ्यात आधी हाच सल्ला मिळतो आणि हाच सगळ्यात वाईट आहे. ब्लीचने डाग झटकन पांढरा होतो, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. पण ते मागे मीठ सोडतं, आणि ते मीठ धुऊन पूर्ण निघत नाही. हवेत ओल वाढली की ते विरघळतं, हवा कोरडी झाली की त्याचे स्फटिक होतात, आणि प्रत्येक स्फटिक वाढताना झिलईला आतून ढकलतो. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो आणि रंगाचे पोपडे सुटतात, तेच इथे होतं. वर सांगितलेली मैत्रिणीची सेरी गँप अशीच गेली. ब्लीच केल्यावर वर्षभर ती देखणी दिसली. पुढच्या हिवाळ्यात घरातलं हीटिंग सुरू झालं आणि तिच्या छत्रीवर पांढरी बुरशीसारखी लव आली. ब्रशने झटकली तर तिच्यासोबत झिलईचे तुकडे निघाले. सेरी गँप ही डिकन्सच्या कादंबरीतली दाई, आणि तिची छत्री हाच त्या जगाचा कान. तिथली झिलई गेली म्हणजे त्या जगाचा आत्माच गेला.

कवळी धुवायच्या गोळ्याही नकोत. त्या फसफसतात, डाग थोडा फिका करतात आणि आपले क्षार आत सोडून जातात. खायचा सोडा लावून घासू नका. डिशवॉशरचं नावच काढू नका.

आणि ओव्हन. पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला जग मंद ओव्हनमध्ये ठेवला की डाग तरंगून वर येतो, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. डाग वर येतो हे खरं आहे, कारण उष्णतेने पाणी जोरात बाहेर पडतं. पण त्याच वाफेने नवे तडे जातात, जुनी डागडुजी करपते, आणि जगात जिथे बंद पोकळी असते तिथे वाफ कोंडते. पुढच्या डागासाठी दुप्पट वाटा तयार करून ठेवण्यासारखं आहे हे.

मी शेवटी काय केलं

सगळ्यात आधी जग आठवडाभर कोरड्या खोलीत ठेवून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलला. 742 ग्रॅम. हा आकडा लिहून ठेवा, पुढे त्यावरच सगळं अवलंबून आहे.

मग प्लास्टिकच्या टबात (धातूचा नको) थंड डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात जग पूर्ण बुडवला. नळाचं पाणी वापरू नका. त्यात चुना आणि थोडं लोह असतं, आणि तेच आत जाऊन नवा डाग होतं. पहिल्या दिवशी जगातून बारीक बुडबुड्यांच्या माळा निघत होत्या. आतली हवा निघून पाणी आत जात असल्याची ती खूण. दुसऱ्या दिवशी सकाळी टबातलं पाणी फिक्या कोऱ्या चहासारखं झालं होतं. ते पाहून मला फार बरं वाटलं, कारण चार वेळा धुऊनही जे बाहेर आलं नव्हतं ते आपणहून निघत होतं. रोज पाणी बदललं. पाणी स्वच्छ राहायला नऊ दिवस लागले. काढून हलकं टिपून तोलला तर 781 ग्रॅम. म्हणजे एवढ्याशा जगाने 39 ग्रॅम पाणी पोटात घेतलं होतं. दर वेळी धुऊन फक्त पुसून शेल्फवर ठेवताना आपण किती पाणी आत कोंडत होतो, हे तेव्हा डोळ्यांसमोर आलं.

बऱ्याच जगांचं काम एवढ्यावरच भागतं. माझ्या चार्लीच्या गालावर अजून रेघा होत्या, म्हणून पुढे पोटीस लावलं. आजी गळवावर अळशीचं पोटीस बांधायची, कल्पना तीच: आतलं बाहेर ओढून घ्यायचं. केमिस्टकडे मिळणारं 6 टक्क्यांचं साधं, पातळ हायड्रोजन पेरॉक्साइड घेतलं. केस रंगवायच्या सामानात जे क्रीमसारखं पेरॉक्साइड येतं ते नको, त्यात स्निग्ध पदार्थ असतात आणि ते तड्यांत बसतात. कापसाचे पातळ पापुद्रे सुटे करून, त्यात भिजवून, फक्त रेघांवर चापून बसवले आणि वरून क्लिंग फिल्म सैल गुंडाळली. जग आधीच पाण्याने भरलेला असल्यामुळे पेरॉक्साइड खोल न जाता वरच्या वर काम करतं. कोरड्या जगावर ते लावलं तर डागच आत ढकलला जातो. म्हणून भिजवण्याची पायरी गाळू नका, डाग अगदी छोटा असला तरी.

हातमोजे आणि चष्मा घाला. पेरॉक्साइडमध्ये व्हिनेगर किंवा ब्लीच कधीही मिसळू नका. भांडं घट्ट झाकू नका, त्यातून प्राणवायू निघत असतो. सोनेरी काम किंवा झिलईवरून दिलेला रंग असेल तर त्या भागापासून कापूस लांब ठेवा. आणि बाटली वेळच्या वेळी नवी घ्या, उघडी राहिलेली बाटली काही महिन्यांत नुसतं पाणी होते.

मी दर बारा तासांनी कापूस बदलला, तीन दिवस. त्यानंतर पुन्हा दोन दिवस डिस्टिल्ड वॉटरमध्ये. पेरॉक्साइडचं शेवटी पाणी आणि प्राणवायू होतो, मागे क्षार राहत नाहीत, म्हणूनच ते ब्लीचपेक्षा बरं.

इथपर्यंतचं मी आधीही एकदा केलं होतं, आणि तरीही डाग परत आला होता. चूक वाळवण्यात होती. तेव्हा मी जग खिडकीत, रेडिएटरच्या वर ठेवला होता. आत उरलेला थोडासा रंग दोन दिवसांत सगळा गालावर गोळा झाला.

या वेळी वाळवतानाही कापूस तसाच ठेवला. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने ओला केलेला कापसाचा जाडसर थर गालावर आणि हनुवटीखाली चापून बसवला, आणि बाकीचा सगळा जग प्लास्टिकमध्ये गुंडाळला. कापूस मात्र उघडा. आता पाण्याला बाहेर पडायला एकच जागा होती, कापसाचा बाहेरचा पृष्ठभाग. पाणी गालापाशी न थांबता कापसातून पुढे गेलं, उडालं, आणि तपकिरी रंग कापसावर राहिला. चौथ्या दिवशी कापसाच्या वरच्या बाजूला पिवळट वर्तुळ उमटलं होतं. तोच डाग गालावर उमटायचा. कापूस सुकत आला की नवा ओला थर लावायचा, फक्त दर वेळी थोडा कमी ओला. खोली थंड ठेवली, हीटिंगपासून लांब.

रोज सकाळी कापूस आणि प्लास्टिक काढून जग तोलायचा. 781 वरून 774, 768, मग फार सावकाश. हात लावून जग कोरडा वाटतो तेव्हाही आत वीसेक ग्रॅम पाणी असतं, आणि आपण फसतो ते इथेच. तो 742 वर यायला 23 दिवस लागले. त्यानंतर प्लास्टिक सोडून आणखी पंधरा दिवस नुसता ठेवला आणि मगच शेल्फवर.

तरीही परत आला तर

एकदा अजून करून पाहा, फार तर दोनदा. प्रत्येक भिजवणीने अंग थोडं अधिक ओलावा शोषतं, म्हणजे तडे वाढायला थोडी मदतच होते. दोन पोटिसांनंतर जो डाग उरतो तो बहुतेक तुपा-तेलाचा असतो, जगात कधीतरी ग्रेव्ही किंवा चरबी ठेवल्याचा. त्याची खूण वासात आहे: ओल्या जगाला खवट वास येतो, जुन्या लोणच्याच्या फुटक्या बरणीला येतो तसा. तेल पाण्यात विरघळत नाही, पेरॉक्साइड त्याला फक्त फिकट करतं. त्यासाठी सॉल्व्हंट लागतात आणि ते काम सिरॅमिक्सच्या कॉन्झर्व्हेटरचं. इंग्लंडमध्ये 'आयकॉन' या संस्थेची मान्यताप्राप्त कॉन्झर्व्हेटरांची नोंदवही आहे, त्यात तुमच्या भागातला माणूस सापडतो. साध्या ओल्ड चार्लीसाठी तो खर्च परवडत नाही. दुर्मीळ जग असेल, म्हणजे 1940 चा दोन कानांचा पांढरा चर्चिल किंवा तसलं काही, तर स्वतः एक थेंबही लावू नका.

आणि काही जग तसेच राहू द्यावेत असं माझं प्रामाणिक मत आहे. नुसते बारीक, रंगहीन तडे ही वयाची खूण आहे. चेहऱ्याच्या रंगकामात मिसळून गेलेल्या फिक्या रेघा दोन फुटांवरून दिसतही नाहीत. मी आता फक्त पसरणारा आणि गडद होत जाणारा डागच हातात घेते. विकायची वेळ आली तर साफ केल्याचं खरेदीदाराला सांगते. माझ्या पार्सन ब्राउनची टोपी कुणी पूर्वी भरली होती हे मला सांगितलं असतं तर तो आज शाबूत असता.

भारतात नेलेल्या जगांचं

दोन जग मी मुंबईला मावशीकडे दिले आहेत, आणि पुण्याला नेणारेही कुणी कुणी विचारतात. आपल्या पावसाळ्यात हवेतच इतकी ओल असते की न धुताही डाग वर येऊ शकतो: जून ते सप्टेंबर अंग ओलावा घेतं, ऑक्टोबरच्या उन्हात ते सोडतं, आणि रंग तड्यांशी आणून ठेवतं. बबल रॅपमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवणं सगळ्यात वाईट, आत ओल कोंडते. मावशी जग काचेच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवते, आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहते. पेन, फुलं, सुटे पैसे, काहीही आत ठेवायचं नाही. धूळ मऊ ब्रशने, पाणी न लावता.

ती मावशी जे. जे.मध्ये शिकलेली. तिला मी सांगितलं की नाइल स्ट्रीटचा कारखाना डोल्टनच्या आधी पिंडर-बोर्न कंपनीचा होता, आणि लेखक रुडयार्ड किपलिंग यांचे वडील, तरुण जॉन लॉकवूड किपलिंग, त्याच कंपनीत काम करत होते. पुढे 1865 मध्ये ते जे. जे. कलाशाळेत शिकवायला आले. तेव्हापासून तिने ते दोन्ही जग बैठकीतल्या कपाटात अगदी समोर मांडले आहेत.

माझ्या चार्लीच्या गालावर आता केसाएवढी एकच फिकी रेघ आहे, कानशिलाजवळ. गेल्या वर्षभरात ती हललेली नाही. दर दोन महिन्यांनी मी त्याला तोलते. परवा 743 भरला. बाहेर आठवडाभर पाऊस होता. म्हणून शेल्फच्या मागची भिंत हात लावून पाहिली, ती थोडी दमट लागली, आणि जग आतल्या भिंतीकडच्या शेल्फवर हलवला.